मान हलवण्याचा हुकूम

पानाचा डबा जरा इकडे सरकवा, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागल्यावर मध्येच हसलात तर मला राग येतो. अख्ख्या कल्याणच्या डोक्यावर दुप्पट घरपट्टी बसवणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय. सरकार नव्हे हो, मी! सरकारने नुसतं विचारलं होतं.

तेव्हा मी कचेरीत कारकून होतो. पगार पंधरा रुपये, आणि तो मिळायचा इंग्रजीसाठी. ठाण्याहून साहेबाचा हुकूम इंग्रजीत यायचा, मी त्याचं मराठी करायचं आणि दवंडीवाल्या धाकूने ते गावभर ओरडायचं. आता माझं इंग्रजी किती? दोन पुस्तकं! तिसरं उघडलं होतं, तेवढ्यात लग्न झालं. पण गावात दुसऱ्या कुणाचं एकही पुस्तक झालेलं नव्हतं, म्हणून मी पंडित. कुणाला खरं कळलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. हे माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि मला. बस्स.

त्या वर्षी भाताची कापणी संपली आणि बायकोला एकांतरा ताप सुरू झाला. एक दिवस बरी, एक दिवस हुडहुडी. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. वैद्यबुवांचे काढे झाले, अंगारे झाले, आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. ताप काही हलेना.

शेवटी मी गाडीने ठाण्याला गेलो. आधी मोठ्या कचेरीतून आमच्या गावासाठी आलेला हुकूम घेतला, पागोट्याच्या पदरात खोवला, आणि गेलो एका दवाखान्यात. डॉक्टरसाहेब गोरा. मी म्हटलं, "साहेब, बायकोला ताप आहे." त्याने माझा हात धरला. माझा! घड्याळाकडे बघत नाडी मोजली. "अहो, ताप तिला आहे, ती कल्याणला आहे," म्हणतोय, तर मोडक्या मराठीत म्हणे, "जीभ दाखवा." दाखवली. मी तरी काय करणार? त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि मला बाहेर काढलं. तोही कागद गेला पागोट्यात.

बाहेर खिडकीत कंपाउंडर. माझ्या पुढे एक खोकलेकरी, मागे गळू झालेला एक शेतकरी. कंपाउंडर हात पुढे करी, कागद घेई, न बघता तारेच्या आकड्याला टोची, आणि एकाच मोठ्या बरणीतलं गुलाबी पाणी बाटलीत ओती. खोकल्याला तेच, गळवाला तेच. मी पागोट्यातून एक कागद काढून दिला. तो टोचला गेला, मला बाटली मिळाली. मी खूश!

इथेच माती खाल्ली. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

रात्री घरी दिव्याखाली उरलेला कागद उघडला. वरच्या चार ओळींत मला एकही अक्षर कळलं नाही. माझी खात्रीच पटली, हा सरकारी हुकूमच! कळलं असतं तर शंका आली असती. खाली सही म्हणजे शाईत पडलेली मुंगी वाट चुकून फिरली होती. फक्त शेवटची ओळ साध्या इंग्रजीत होती आणि ती माझ्या दोन पुस्तकांत बसत होती. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी, चांगलं हलवा.

हलवा! पण काय?

बायको गोधडीतून म्हणाली, "अहो, काही कळत नाही का?"

"सगळं कळतंय. फक्त काय हलवायचं ते सरकारने लिहिलेलं नाही."

"मग विचारा की ठाण्याला."

"विचारलं म्हणजे कळलं नाही असं होतं! पंधरा रुपये कशाचे मिळतात मला?"

रात्रभर डोकं खाजवलं. सरकारपुढे रयतेने हलवायची गोष्ट कोणती? शेपूट आपल्याला नाही. राहिली मान! सकाळी मी सुवाच्य मराठी केलं. शेवटी दंड पदरचा घातला, कारण दंडावाचून हुकूम अळणी लागतो. मूळ कागद कचेरीच्या दाराशी फळ्यावर डकवला आणि धाकूला पाठवला.

"ऐका हो ऐका! घरटी लहानथोरांनी, दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी मान चांगली हलवावी! न हलवील त्याला चार आणे दंड!"

मला वाटलं, लोक विचारतील, का म्हणून? कसलं काय! एकाने विचारलं नाही. पारनाक्यावर लोक जमले आणि शंका काढल्या त्या अशा.

"भाऊराव, उभी हलवायची की आडवी?"

"उभी! सरकारपुढे आडवी मान कुणी हलवली आहे का आजवर?"

मिठागरावरचा गणू पुढे आला. "भाऊराव, आमी दोनदाच जेवताव. मंग तिसरी मान कंदी हालवाची?"

खरं सांगतो, लाज वाटली. पण कारकुनाला लाज परवडत नाही. म्हटलं, "तिसऱ्यांदा उपाशी हलव."

"बरा," म्हणाला, आणि गेला बिचारा.

आणि मग काय विचारता! आठ दिवसांत गाव नुसतं डुलायला लागलं. सोवळ्यातले भटजी पाटावर बसून डुलतायत, शेणाळे तळ्याच्या काठी धुणं ठेवून बायका डुलतायत. कचेरीच्या शिपायाने म्हाताऱ्यांना दोन पैशांत सूट द्यायला सुरुवात केली. ज्या वैद्यबुवांना ताप हलवता आला नव्हता, त्यांनी मानदुखीचं तेल काढलं, बाटली एक आणा! सावकाराने तर पाटी लावली, मान हलवल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. ती तर आधीही हलवावीच लागायची म्हणा.

आणि इकडे बायकोचा ताप उतरला! गुलाबी पाणी प्यायली आणि पाचव्या दिवशी उठून पोळ्या लाटायला बसली. मी म्हटलं, सरकार महान, डॉक्टर महान, आणि मधला मीही काही कमी नाही.

नवव्या दिवशी ठाण्याचा साहेब फिरतीवर आला. बरोबर शिरस्तेदार रावसाहेब, आणि दवाखाने तपासायला निघालेला तोच डॉक्टर. कचेरीपुढे सगळं गाव जमलं. वेळ कोणती? ऐन जेवणाआधीची! साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला आणि रावसाहेबांनी मोठ्याने मराठीत सांगितलं, "गावची घरपट्टी दुप्पट करायची आहे. त्याबद्दल हुकूम आठ दिवसांपूर्वीच पाठवला आहे. तक्रार असेल त्याने आज बोलावं. नाहीतर सर्वांना कबूल आहे असं समजायचं का?"

घरपट्टी? मी हुकूम वाचला तेव्हा त्यात घरपट्टी कुठे होती?

एवढ्यात समोर दोन हजार माना उभ्या हलल्या. भटजी, कोळी, वाणी, सगळे. गणूही हलवत होता.

साहेबाचे डोळे भरून आले हो! बाकी गावांनी अर्ज केले होते, एका गावाने तर बाजार बंद ठेवला होता. आणि इथे सगळे राजी! तेवढ्यात डॉक्टर फळ्यापाशी गेला, चष्मा लावला आणि ओरडलाच. रावसाहेबांनी कागद पाहिला, मला बाजूला ओढलं.

"भाऊराव, ही औषधाची चिठ्ठी आहे. बाटली हलवून घ्या, असं लिहिलंय. मग हुकूम कुठे आहे?"

"तो... तो बायको प्यायली, रावसाहेब."

"काय?"

मी कागदांच्या अदलाबदलीचं सगळं सांगितलं, दोन पुस्तकांचं तेवढं सोडून. त्यांनी ते डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने एवढंच विचारलं, ताप गेला का? गेला म्हटल्यावर तो साहेबाकडे वळून छाती फुगवून काहीतरी बोलला. रावसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणतोय, माझ्या औषधाला गुण आहेच!"

मग रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, "ऐका. अजून वेळ आहे. लोकांनी पट्टीला होकार दिलेला नाही, चुकीच्या हुकमाने मान हलवली, हे साहेबाला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. मी बोललो तर मीच गावाला फितवलं म्हणतील. तुम्ही इंग्रजी जाणता. सांगा, पट्टी टळेल."

पट्टी टळेल, आणि माझी नोकरी? एकीकडे पंधरा रुपये, दुसरीकडे सगळं गाव. दोनदाच जेवणारा गणू समोर उभा होता. बायको ओट्यावरून बघत होती. मी मन घट्ट केलं. म्हटलं, जाऊ दे नोकरी! पुढे झालो. साहेबाने माझ्याकडे वळून प्रेमाने एक लांबच्या लांब इंग्रजी वाक्य विचारलं. एवढं लांब, की माझी दोन्ही पुस्तकं त्यात बुडाली.

आणि मी मान हलवली. उभी.

साहेबाने शेकहँड केला, घोड्यावर बसला आणि गेला. रावसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. "काय केलंत हे? त्यांनी विचारलं होतं, 'लोकांनी न घाबरता, राजीखुशीने कबूल केलं, हे तुम्ही शपथेवर सांगता ना?'"

गावाने महिनाभर मला वाळीत टाकल्यासारखं केलं. वाण्याने उधारी बंद केली, न्हाव्याने अर्धी दाढी करून उठवलं. गणू तेवढा बोलायचा, त्यामुळे तर जास्तच वाईट वाटायचं. नोकरी मात्र शाबूत राहिली, वर दोन रुपये बढती मिळाली.

पट्टीचा पहिला हप्ता भरून आलो त्या दिवशी बायकोने पान वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "अहो, साहेब काय बोलतोय ते तुम्हाला कळत नव्हतं, मला माहीत आहे. पण कळत नसलं की हो म्हणू नये, एवढं तरी कळत होतं ना?"

मी मान हलवली.