बाहेरचं

रहिमतपूरजवळच्या त्या गावात शालूबाईच्या घरी एक नियम होता: मोरीवर चप्पल चालायची नाही. पाण्यापाशी देव असतो, अनवाणीच जायचं. पहाटेचं पाणी भरणं सून क्रांतीकडे होतं; ती हा नियम मुकाट पाळायची आणि रोज सकाळी नळाला हात लावला की हिसका बसून मागे सरायची. दोनदा कळशी हातातून सुटली. नवरा फौजेत, लांब सीमेवर. पोटात पाचवा महिना. भिंतीपलीकडे राहणाऱ्या आप्पासोंनी, म्हणजे शालूबाईच्या धाकट्या दिरांनी, निकाल देऊन टाकला.

"वहिनी, पोरीला बाहेरचं हाय. अवसेला देवऋषीकडं न्यायची."

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पासो कसले? आळीभर सांगूनही आले.

देवऋषी म्हणजे धूर, उपास आणि पाठीवर चाबूक. कवठे महांकाळला माहेरी शालूबाईची चुलत बहीण असल्याच उपचारात खंगली होती. ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"पोटुशी पोर मी धुरात बसवणार न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने क्रांतीला बाजूला सारलं आणि स्वतः नळ धरला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बाई देवाधर्माची, पण नळातून येणारं भूत तिला काही पटेना. आपल्या नवऱ्याच्या अवजारांच्या जुन्या पेटीतला टेस्टर काढून तिने नळाला टेकवला. दिवा लागला. तिने मेन स्विच पाडला. घर अंधारलं, टेस्टर मात्र लागलेलाच.

म्हणजे करंट तिच्या घरातला नव्हताच. वाटणीत घर दोन झालं, चुली दोन झाल्या, पण जुना लोखंडी पाइप भिंतीतून दोन्हीकडे एकच राहिला होता. ती तडक दिराच्या न्हाणीघरात शिरली. गीझर चालू होता. तो बंद केला, टेस्टर विझला. पुन्हा चालू केला, लागला.

"आमच्यात कुणाला बसत न्हाई त्यो शॉक," मागून आलेले आप्पासो गुरकावले.

शालूबाईने त्यांच्या पायांकडे पाहिलं. रबरी स्लिपर. त्या घरात सगळेच स्लिपर घालून अंघोळीला जात.

"भावजी, चप्पल काढून नळ धरा."

आप्पासोंनी चप्पल काढली नाही. गीझर तेवढा बंद केला. "वायरमनला बोलावतो. पण वहिनी, बोभाटा नगं."

शालूबाईचा संताप आता मावेना. "बोभाटा तुमी केलाय. ज्या ज्या घरात माझ्या सुनंचं नाव घेतलं, त्या त्या घरात जायाचं. सांगायचं, बाहेरचं व्हतं खरं, पण ते आमच्या गीझरचं. चला, मी येते मागनं."

आणि ती गेली. शेवटच्या दारापर्यंत गेली. आप्पासो कुठे पुटपुटले तर ती म्हणायची, "जरा मोठ्यानं."

वायरमनने तो गीझर काढून नेला. दुसऱ्या सकाळी क्रांती सवयीने मोरीच्या कडेला चप्पल काढायला वाकली.

"ऱ्हाऊ दे पायात," शालूबाई म्हणाली.

"आत्या, आन् देव?"

"देवाला काय म्हणायचं असंल ते त्यो मला म्हणंल. तू पाणी भर."