मामांनी मागे घेतलेला दावा

पडदा वर जातो. कामगार न्यायालयाचा लांबट व्हरांडा. बाकावर मामा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी मी, त्यांचा एकुलता एक साक्षीदार.

मामा आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. सव्वीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून अडखळलेल्या नटांना त्यांनी वाक्यं पुरवली. आवाज असा, की नटाला चुकणार नाही आणि पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही. एक दिवस कंपनीने त्यांना घरी बसवलं. मामांनी कामावर परत घ्या म्हणून दावा लावला. कंपनीचं म्हणणं, हा माणूस नोकर नव्हताच, हौसेने विंगेत बसायचा! सहीचा हजेरीपट कंपनीने कधी ठेवलाच नाही. म्हणून साक्षीला मी, कंपनीचा नट.

मी साक्षीला उभा राहिलो आणि कंपनीच्या वकिलाने एक कात्रण काढलं. माझीच मुलाखत. 'उभ्या आयुष्यात मला प्रॉम्प्टर लागला नाही. आमच्या कंपनीत तो नव्हताच.'

शुद्ध थाप. दुसऱ्या अंकातलं स्वगत मी दर प्रयोगाला मामांच्या ओठांवरून उचलायचो.

मामांच्या वकीलबाई म्हणाल्या, "दादा, हे खरं आहे का?"

मागे दोन म्हातारे मला ओळखून एकमेकांना कोपराने ढोसत होते. "ते... म्हणजे..." मी अडखळलो. आणि पाठीमागून, निव्वळ सवयीने, आवाज आला, "थाप मारली होती, म्हणा."

न्यायाधीशांनी मान वर केली. "साक्षीदाराला कोण पढवतंय?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मामांचा आवाज प्रेक्षकांत गेला होता. त्यांनी मान खाली घातली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

वकीलबाई मामांच्या कानाशी वाकल्या. "आता या साक्षीला कवडीची किंमत नाही. निकाल लागला तर हरू, मग दार कायमचं बंद. त्यापेक्षा दावा मागे घेऊ, पुन्हा दाखल करायची मुभा मागून." मामांनी सही केली. मुभा मिळाली.

जिन्यात मी त्यांची पिशवी धरली. ती त्यांनी हळूच काढून घेतली.

"मामा, पुढच्या वेळी मी सगळं खरं सांगेन."

पायऱ्यांकडे बघतच ते म्हणाले, "एकच वाक्य आहे, दादा. तोवर पाठ करून ठेवा. इथे मला सांगता येत नाही."