उपवासाच्या हप्त्याची स्पेशल गाडी

आमच्या शिरपूरच्या घरात आठवड्याच्या खर्चाची पद्धत मी आणली, याचं श्रेय मी आजही कोणाला देत नाही. पुढे जे झालं त्याचं श्रेय मात्र सासूबाईंचं.

कारण साधंच होतं. माझा पतसंस्थेतला पगार, नवऱ्याची मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यातली कमाई आणि सासऱ्यांच्या कापड दुकानाचं येणारं भाडं, एवढं सगळं असूनही महिनाअखेरीस आम्ही एकमेकांची तोंडं पाहायचो. नवऱ्याला तर आपण पैसे खर्च करतोय हेच कळायचं नाही. टपरीवर मोबाइल दाखवला, टुंग वाजलं, झालं! ते टुंग ऐकलं की माझं डोकं सणकायचं.

म्हणून नियम केला. बाजाराच्या दिवशी सकाळी पेढ्यांच्या जुन्या डब्यात तीन हजार रुपये रोख ठेवायचे. भाजी, दूध, किराणा, चहापाणी, सगळं पुढच्या बाजारापर्यंत त्यातच. चौघांनी आळीपाळीनं एकेक हप्ता घर चालवायचं. आमच्याकडे आठवड्याला हप्ताच म्हणतात. पैसे आधीच संपले तर बाजार येईपर्यंत वरण-भातावर राहायचं. उरले तर ज्याचा हप्ता त्याचे. ते कशावर उडवले, किती उडवले, कोणी विचारायचं नाही.

हा शेवटचा नियम मी आपला गंमत म्हणून जोडला होता. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोनीच इचाराचं नाही?"

"कोणीच नाही, आई."

"हे बी?" त्यांनी हनुवटीनं ओसरीकडे दाखवलं. तिथं सासरे पेपर वाचत होते.

"बाबासुद्धा."

सासरे कंजूष नाहीत, हे आधीच सांगते. बायकोला त्यांनी साडीचोळीला कधी कमी केलं नाही. पण उभा जन्म कापड मोजण्यात गेला, त्यामुळे कोणीही घरात पिशवी घेऊन शिरलं की त्यांच्या तोंडून "किती झाले?" आपोआप निघतं. पाहुण्यांनासुद्धा विचारतात. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून बाजारातून आल्या की उरलेली मोड त्यांच्या कपबशीजवळ ठेवतात आणि एकेका भाजीचा भाव सांगतात. त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकत त्या मला हळूच म्हणाल्या, "मले एकदा तरी पैसे खर्चाचे हायेत आन् कोनाले सांगाचं नाही."

मला ते इतकं लागलं की मी त्यांची पहिली भाकरी करपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

पहिली फेरी म्हणजे नुसता तमाशा. सासऱ्यांनी बाजाराच्या दिवशीच किलोभर जिलबी आणली, शेव आणली, शेजाऱ्यांना वाटली आणि चौथ्या दिवशी आम्हाला वरण-भातावर बसवून दिलं. नवऱ्यानं प्लास्टिकची बादली फुकट मिळते म्हणून शेवयांची इतकी पाकिटं घेतली की अजून संपलेली नाहीत. बादली गळते. माझ्या हप्त्यात ऐंशी रुपये उरले. मी त्याच्या टिकल्या आणल्या आणि कोणी विचारेना म्हणून स्वतःच सगळ्यांना दाखवत फिरले. सासूबाईंचा हप्ता आला आणि नेमकी नणंद पोरंबाळं घेऊन राहायला आली. लेकीपुढे डबा कोण झाकणार? सासूबाईंनी रिकामा डबा घासून, पुसून मला परत दिला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण त्या दिवशी चहात साखर घालायला विसरल्या.

दुसऱ्या फेरीला त्या माझ्याजवळ आल्या. "तुहा हप्ता मले दे, माहा तू घे."

मी दिला. तीन दिवसांनी कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्यांनी माझ्याकडून पर्युषणाचा हप्ता पळवला होता! पतसंस्थेत बसून मी दिवसभर लोकांना फसवणुकीपासून सावध करते.

आमच्या जैन घरात कांदा-बटाटा एरवीही येत नाही. कांदा महागला की सगळा देश डोळे पुसतो, आम्ही निवांत असतो. पर्युषणात तर विचारूच नका. हिरवी भाजी बंद. सासू-सासरे एकदाच जेवणार, मी आणि नवरा रडतखडत त्यांच्या मागे. बाहेरचं खाणं नाही, टपरीचा चहा नाही, म्हणजे टुंगही नाही. डब्याला जणू हातच लागेना. सासूबाई उपाशीपोटी इतक्या खुशीत होत्या की देवळातल्या बायका म्हणाल्या, काय तेज आलंय बाई तपाचं!

सासऱ्यांना पाचव्या दिवशी उमगलं. "उपासाची बचत म्हनजे काय बचत हाय का?" ते म्हणाले. "थे तर पुन्य हाय."

"पुन्य तुमी घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पैसे माह्ये."

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही वर्षभरातल्या चुकांची एकमेकांना क्षमा मागतो. सासऱ्यांनी बायकोसमोर हात जोडले. "उत्तम क्षमा. वर्षभरात काही टोचून बोललो असन तर माफ कर." आणि त्याच श्वासात, "पन डब्यात उरले किती?"

"हात सोडू नका," सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा मागा क्षमा."

दुसऱ्या दिवशी दारात काळीपिवळी जीप उभी राहिली. शेअरची नव्हे, स्पेशल. सासूबाईंचं माहेर रिसोडचं, बहीण तिथंच असते. आजवर त्या रिसोडला गेल्या त्या अशाच जीपमध्ये, पण मागच्या बाकावर, मांडीवर कोणाचं तरी पोर आणि पायाशी कोणाचं तरी गाठोडं. ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा पुरुषांची. आज त्या तिथं बसल्या, एकट्या, पदर नीट करून. मी मागे, अख्ख्या बाकावर आडवी. मला इतकं हसू येत होतं की ड्रायव्हर आरशातून पाहायला लागला.

गावाबाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला हात दिसला. ड्रायव्हरचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. "स्पेशल हाय ना मावशी?"

"हाय. पन थांबव बापा, बाई उन्हात उभी हाय."

मग दुसरा हात. मग तिसरा. पिवळ्या पडायला लागलेल्या सोयाबीनमधून माणसं उगवत होती आणि सासूबाई प्रत्येकाला घेत होत्या. माझा बाक गेला, मग माझी खिडकी गेली, मग माझ्या मांडीवर एक पोर आलं. कोणीतरी भाड्याचे पैसे पुढे केले तर त्यांनी मागे न पाहता हात हलवला. "आज भाडं माह्याकडे!" गाडीत एकच कल्ला झाला. शेवटी चढलेला एक गृहस्थ पुढचं दार उघडून म्हणाला, "जरा सरका ना, मावशी."

"नाही सरकत," सासूबाई म्हणाल्या. "बाकी सगळी गाडी तुमची, हे सीट माह्यं."

आणि रिसोड येईपर्यंत त्या खरंच तसूभर सरकल्या नाहीत. केस उडत होते, पदर उडत होता, त्यांनी काहीच सावरलं नाही. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बहिणीकडे चहा झाला, गप्पा झाल्या. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून वेळेत घरी आलो. सासरे ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, बायकोच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. आता येणार, "किती झाले?"

"मले काहून नाही नेलं?" ते म्हणाले.

सासूबाई पायरीवरच थबकल्या. मग चपला काढत म्हणाल्या, "तुमच्या हप्त्यात तुमी न्या."

बदलून घेतलेला माझा हप्ता झाला आणि त्यानंतरच्या बाजाराला डबा सासऱ्यांकडे गेला. ते पिशवी घेऊन परत आले तसा नवरा ताटली घेऊनच धावला. पिशवीत दोडकी निघाली, टमाटे निघाले, कोथिंबीर निघाली. त्यानं पिशवी उलटी करून झटकली.

"बाबा, जिलबी?"

सासऱ्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि स्वयंपाकघराकडे एकदा हळूच पाहिलं.

"इचाराचं नाही," ते म्हणाले. "हप्ता माहा हाय."