आत्याच्या फळ्या आणि माझा बेंडिंग मोमेंट

त्या एप्रिलात रोह्याहून एसटीनं पेणला आत्याकडे गेले ती पुस्तकांची पिशवी घेऊन, अभ्यासाला. आणि चार दिवसांत तिचे सहा गणपती बिघडवून बसले. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आता सांगायला हरकत नाही...

मी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सगळे विषय सुटले, एकच मानगुटीवर बसला होता, वजनाखाली तुळई कशी वाकते त्याचा... शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंट, डिफ्लेक्शन. दोनदा नापास! बाबांनी सांगूनच टाकलं होतं, या खेपेला उडालीस तर कॉलेज बंद, घरी बस. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे, कमी बोलायचे, पण एकदा बोलले की संपलं.

अभ्यास करत नव्हते असं नाही हो! सूत्रं घडाघडा पाठ होती. पण बीमवर, म्हणजे तुळईवर, वजन ठेवलं की मोमेंट, म्हणजे तिला वाकवणारा जोर, कधी अधिक, कधी उणे... वजन तर खालीच दाबतं ना, मग हे उणे कुठून उपटलं? सरांना विचारलं, तर म्हणाले चिन्हाचा नियम आहे, लिहून घ्या. घेतलं लिहून. डोक्यात उजेड काही पडला नाही.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात आमच्या दोन खोल्यांत चार भावंडांचा गोंगाट, म्हणून आईनं पेणला धाडलं. तिकडे शांतता असते म्हणे. कसली शांतता! आत्याचा गणपतींचा कारखाना. ओटीवर, पडवीत, माझ्या उशापाशीसुद्धा लांब लांब फळ्यांवर शाडूच्या ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. प्रत्येक फळीखाली विटांच्या दोन थप्प्या, त्यांना ती टेकू म्हणायची.

आणि हे टेकू फळीच्या टोकांना नव्हतेच. दोन्हीकडून दीड-दीड फूट आत. टोकं अधांतरी, आणि त्यावरही गणपती! मला बघूनच धडकी भरली.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या नागोठण्याला लग्नाला गेली. भरभर वाळून तडकू नयेत म्हणून मूर्तींवर ओली फडकी घालायचं काम तेवढं मला दिलं होतं. मी पुस्तक उघडलं, तर पुस्तकातल्या बीमचे टेकू अगदी टोकांना. म्हटलं, बघा... आत्याचं चुकतंय, आपण सुधारू. दोन फळ्या रिकाम्या केल्या, थप्प्या टोकांकडे सरकवल्या, मूर्ती परत मांडल्या. जड जड मूर्ती मुद्दाम मधोमध, म्हणजे सुरक्षित!

दुसऱ्या दिवशी दुपारी फडकी उचलली आणि पायाखालची जमीनच सरकली. दोन्ही फळ्या मध्ये वाकलेल्या, आणि मधल्या सहा मूर्तींच्या बैठकीला तडे. मी पुस्तकाप्रमाणेच केलं होतं की... मग?

आत्या आली. "अगो बाय माजे, काय करून ठेवलंस गो!" नंतर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या सहा मूर्तींची माती परत भिजत घातली आणि माझ्यापुढे ढकलली. पुस्तक ऱ्हाऊ दे, मळ आता. परीक्षा आठ दिवसांवर, आणि मी तीन दिवस माती मळत बसलेली. रडू यायचं अक्षरशः.

मग नव्या मूर्ती मांडायची वेळ आली. टेकू परत आत. आत्यानं आधी मधल्या मूर्ती ठेवल्या, फळी किंचित वाकली. मग एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, हातात एकेक गणपती. "एकदम ठेवायचा हां, नायतर फळी उलटंल." ठेवला.

आणि फळी मध्ये वर आली.

मी डोळे चोळले. मग दोघींनी परत उचलायचे म्हणून आत्याच्या मागे लागले. उचलले, फळी वाकली. ठेवले, फळी वर. आत्या वैतागली, "खेळ नाय तो!" पण मी जागची हलेना. वजन वाढवलं आणि वाक कमी झाला? टोकावरचं वजन टेकूपाशी फळीला उलटं वाकवत होतं... मधल्याच्या बरोबर विरुद्ध. तेच ते उणे! मातीच्या हातांनीच वही काढली आणि आकृती काढली. पानाचा चिखल झाला.

पेपरात टोकं बाहेर असलेला बीम आला. दोनदा सोडवलं, दोनदा वेगळं उत्तर. डोळे मिटले, मनातल्या मनात टोकांवर गणपती ठेवले, आणि चुकीचं चिन्ह खोडलं. काठावर का होईना, पास झाले. शिअर फोर्सचं खरं सांगू? तो कळायला पुढं नोकरी लागावी लागली. आजही साइटवर कधी कधी गोंधळ उडतोच.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन पेणला गेले. आत्यानं पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि म्हणाली, "आता सांग, टेकू आत का घ्यायचे?"

मी चक्रावलेच. मला वाटत होतं हिला सगळं ठाऊक आहे! एका पट्टीवर गोळे ठेवून दाखवलं, जमेल तसं सांगितलं.

तिनं टोकावरचा गोळा उचलला, परत ठेवून बघितला. "लगीन होऊन आले तवा मामंजींना इचारलं व्हतं मी. म्हणाले, तुला काय करायचंय? सांगितलंय तसं ठेव." वीस वर्षं होऊन गेली होती त्याला. त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

"परत सांग गो," ती म्हणाली, "जरा सावकाश."

मी परत सांगितलं. माझ्यासारख्या दोनदा नापास झालेल्या पोरीला तिनं हे विचारलं, याचं मला अजून भरून येतं...