निळ्या दोरीची गाठ

ओर्तांस आमच्या कालव्याच्या चौतिसाव्या फाटकावर होती आणि मी पस्तिसाव्या. नावा वर-खाली नेण्यासाठी पाणी अडवणारे हे दरवाजे उघडायचे आणि मिटायचे, हे आमचं काम. मधे सहा किलोमीटर सपाट पाणी, काठाला पॉपलरची झाडं आणि एक मातीची वाट. पूर्वी त्या वाटेने नावा ओढणारे घोडे जायचे, आता सायकलवाले जातात. सव्वीस वर्षं आम्ही शेजारी होतो आणि सव्वीस वर्षं भांडलो. भांडण कशावरूनही व्हायचं. माझ्या आलुबुखारच्या मुरंब्यावरून तर ती एकदा आठवडाभर बोलली नव्हती.

मोटारीचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. नवरा गेला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिने त्याची गाडी विकली. "चार चाकं सांभाळायची आणि दोन पाय गंजवायचे, हा कुठला शहाणपणा?" पाव, दवाखाना, भाच्याचं लग्न, सगळं सायकलवर. एकदा तिने बाजारातून जिवंत बदक कॅरियरला बांधून आणलं आणि ते वाटभर भेटेल त्याला शिव्या घालत आलं.

म्हणूनच सायकलवाले तिचे लाडके. फाटकाशेजारच्या हिरवळीवर ती त्यांना तंबू ठोकू द्यायची, सूप पाजायची, पंक्चर काढून द्यायची. आणि पुढे त्यांची वर्दी द्यायची. नाव निघाली की पुढच्या फाटकाला फोन करायचा ही आमच्याकडची रीतच. ओर्तांस सायकलींचाही फोन करायची. "बाझील, दोन डच येतायत, ताडमाड उंच. पाणी भरून दे आणि तुझे विनोद सांगू नकोस, बिचारे आधीच दमलेत."

फक्त बारा ते एक फोन नाही. त्या तासात फाटक बंद, काम बंद, जेवण चालू. माझा बापही फाटकवालाच. तो म्हणायचा, बारानंतर वाजणारा फोन कुणाचाच नसतो. ओर्तांस मला चिडवायची, "कालव्यात माणूस बुडत असला तरी हा आधी चीज संपवेल." मी हसायचो. मला वाटायचं, यात हसण्यासारखंच आहे.

आणखी एक सांगायला हवं. आमचं कालवा-खातं काठावर काम काढलं की 'रस्ता बंद'ची पाटी लावायचं. काम दोन दिवसांत संपायचं आणि पाटी दोन महिने तशीच. मग कुणीतरी ती उचलून बाजूला ठेवायचं. सगळेच ठेवायचे. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार त्यातल्याच एका पाटीचं होतं.

त्या जूनमध्ये एका पहाटे मी काठाने फेरी मारत होतो. माझ्या फाटकापासून दोन किलोमीटरवर वाट मधोमध खचलेली दिसली. पाणउंदरांनी काठाचा बांध आतून पोखरला होता, बाहेरच्या उतारावर ओल आली होती. पाय टाकला तर माती पोकळ वाजली. मी खात्याला कळवलं. ते म्हणाले, माणसं दुपारनंतर येतील. तोवर म्हणून मी घरातल्या दोन जुन्या पाट्या काढल्या. एक माझ्या बाजूला लावली, दुसरी सायकलवर आडवी टाकून मोठ्या रस्त्याने ओर्तांसच्या फाटकापाशी नेली आणि माझ्या निळ्या मासेमारीच्या दोरीने कठड्याला बांधली. तिच्या खिडक्या बंद होत्या. उठवावं का, असा विचार आला. मग म्हटलं, पाटी लावली म्हणजे सांगितलंच की.

पुढचं मला तिच्याकडून कळलं.

बाराच्या सुमारास एक तरुण बाई तिच्याकडून निघाली. नाव सोलेन. सायकलला मागे दोन चाकांची छोटी गाडी जोडलेली, तीत पट्ट्याने बांधलेली वर्षा-दीडवर्षाची नीन. रात्री दोघी ओर्तांसच्या हिरवळीवर झोपल्या होत्या, सकाळी नीनने तिच्या स्वयंपाकघरात जर्दाळूचा रस सांडून ठेवला होता. पाटी बघून सोलेन थांबली.

"मादाम, रस्ता बंद दिसतोय. मोठ्या रस्त्याने जाऊ का?"

"त्या रस्त्याने? ट्रक कसे जातात बघितलंय? लेकराला घेऊन? अजिबात नाही." ओर्तांसने दोरी सोडली, पाटी उचलली. "या पाट्या खोटं बोलतात ग. हे खातं स्वतःची पाटी विसरतं. जा बिनधास्त. बाझीलकडे पाणी भरून घे."

वर्दी द्यायला उशीर झाला होता, बारा वाजून गेले होते. तिने सूप घेतलं. भांडं घासलं. मग पाटी शेडमध्ये ठेवायला उचलली आणि हातातली दोरी तिला दिसली. खातं तारेने बांधतं. ही निळी दोरी होती आणि तिच्यावरची दुहेरी गाठ अख्ख्या कालव्यावर एकच माणूस मारतो.

तिने मला फोन लावला.

मी तो ऐकला. समोर मोहरी लावलेलं सॉसेज होतं, बटाटे होते, पहिलाच पेला होता. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. "वाज बाबा," मी म्हणालो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पाव मोडत होतो आणि मला थोडा रागही आला होता.

मग खिडकीतून माझी नजर पाण्याच्या पायऱ्यांवर गेली. तिसरी पायरी उघडी पडली होती. ती एरवी पाण्याखाली असते. पाणी कुठूनतरी निघून चाललं होतं.

हातातला जेवणाचा रुमाल तसाच मुठीत घेऊन मी सायकलवर बसलो. दोन किलोमीटर. वारा समोरून. वाटेवर कुणी नसणार, पाटी आहे, असं मी स्वतःला बजावत होतो. आणि तीन वेळा वाजलेला फोन काही डोक्यातून जात नव्हता.

वळण घेतलं. वाटेला चार-पाच हात रुंद भगदाड पडलं होतं आणि त्यातून गढूळ पाणी खालच्या शेतात कोसळत होतं. भगदाडाच्या पलीकडे सोलेन पालथी पडली होती. ती परत वळायला गेली असावी; सायकल तिच्या अंगाखाली आडवी, आणि मागची गाडी भगदाडाच्या काठावरून खाली लोंबकळत होती. एक चाक हवेत. सोलेनने दोन्ही हातांनी गाडीचा दांडा धरला होता. हात सोडला असता तर नीनचा पट्टा काढता आला असता, आणि हात सोडता येत नव्हता. नीन रडत होती, म्हणजे जिवंत होती.

"हलू नकोस!" मी ओरडलो. "माती पोकळ आहे! अजिबात हलू नकोस!"

"सुटतंय!" ती म्हणाली. "माझे हात सुटतायत!"

मला पलीकडे जाता येत नव्हतं. उडी मारण्याचं वय राहिलं नव्हतं, पाण्यात उतरलो असतो तर प्रवाहाबरोबर शेतात गेलो असतो. माझ्या हातात जेवणाचा रुमाल होता. तो घेऊन मी उभा होतो.

तेवढ्यात पॉपलरांच्या मधून ओर्तांस आली. अठ्ठावन्न वर्षांची, एक गुडघा कायमचा दुखरा, चेहरा बीटासारखा लाल. सायकल तिने लांबच टाकली. उभ्याने यायचं नाही हे तिला न सांगता कळलं. ती मातीवर पालथी झाली आणि कोपरांवर सरकत पुढे आली. एकदा तिच्या खालून ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. ती थांबली. मग पुन्हा सरकली.

"दांडा धरून ठेव, पोरी. फक्त दांडा. बाकी माझ्यावर सोड."

ती सोलेनच्या खांद्यावरून पुढे वाकली, खिशातला चीज कापायचा चाकू दातांनी उघडला. मला तिचा हात गाडीत जाताना दिसला. एक पट्टा तुटला. दुसरा तुटेना. गाडी वीतभर घसरली आणि सोलेन किंचाळली. मी आयुष्यात प्रार्थना केलेली नाही. त्या वेळी काय पुटपुटलो, मला माहीत नाही.

मग ओर्तांस मागे सरकायला लागली आणि तिच्या काखेत नीन होती.

"सोड!" ती म्हणाली. सोलेनने दांडा सोडला. गाडी खाली गेली, सायकलही तिच्यामागून ओढली गेली आणि पाण्याने दोन्ही शेतात नेऊन टाकल्या. दोघी सरपटत मागे गेल्या, पक्क्या जमिनीवर पोचल्या. सोलेनने पोर ओर्तांसच्या हातातून हिसकावून घेतलं.

तासाभराने अग्निशमनवाले आले, खात्याचा साहेबही आला. मला पुलावरून फिरून पलीकडे जावं लागलं होतं. साहेबाने वही काढली.

"चौतिसाव्या फाटकाला पाटी नव्हती?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. ओर्तांसचं घर फाटकाचं, म्हणजे खात्याचं. खरं सांगितलं तर नोकरी जाईल आणि छप्परही. त्या बाजूला लावायची राहिली असं म्हणावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

"होती," ओर्तांस म्हणाली. "याने नीट बांधली होती. मी काढली. हिला जा म्हणून मीच सांगितलं."

सोलेनने तिच्याकडे पाहिलं. मग नीनला दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती पाठ वळवून उभी राहिली. ओर्तांस जागची हलली नाही.

साहेब माझ्याकडे वळला. "आणि तुम्हाला आधी कुणी काही कळवलं होतं?"

मी फोन उचलला असता तर सोलेनच्या आधी तिथे पोचलो असतो. हिशोब साधा होता आणि तो तिथे दोघांनाच माहीत होता. ओर्तांस माझ्याकडे बघत नव्हती. चाकूचं पातं झग्याला पुसत होती.

"नाही," मी म्हणालो. "पाणी उतरलेलं दिसलं म्हणून आलो."

तिने चाकू मिटला आणि खिशात टाकला. साहेबाने माझं नाव नीट विचारून घेतलं. पुढे खात्याच्या पत्रात माझ्या तत्परतेबद्दल दोन ओळी होत्या.

तिला सप्टेंबरात फाटक सोडावं लागलं. आता ती गावात पाववाल्याच्या वरच्या खोलीत राहते. सायकल जिन्याखाली असते. सोलेनचं पत्र कधी आलं नाही. ओर्तांसने मला त्या फोनबद्दल आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही.

पण रोज दुपारी सव्वाबाराला माझा फोन वाजतो. मी पहिल्याच घंटेला उचलतो, तोंडात घास असला तरी.

"जेवतोयस?" ती विचारते.

"जेवतोय."

"मग जेव," ती म्हणते, आणि फोन ठेवते.