ओतूरच्या डॉक्टरांना मी काय सांगितलं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला नाही, भावाला नाही. तुम्ही आमच्यातले कुणी नाही म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे — आणि तरीही बघा, कुठून सुरू करावं ते सुचत नाही. आधी राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. तर आधी तो रागच सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड उघडेल.

राग कुणाचा? सगळ्यांचा. आमच्याकडे एखादीला दिवस गेले की गावातल्या प्रत्येकाला वैद्यकी येते. मी अवसरी बुद्रुकला नांदते, माहेर ओतूरजवळचं. पहिल्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, वाकून काम कर, बाळंतपण सोपं जातं. मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडून राहा, डाव्या कुशीवर झोप. आईचा फोन यायचा, दूध-तूप खा. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं, तर सासूबाईंनी सगळ्या घराचीच आमटी अळणी केली आणि जेवताना एकेकजण माझ्याकडे बघून मीठ मागायचा. नवऱ्याला विचारावं, तर तो म्हणायचा, "तुमचं तुमी बघा, मला त्यातलं काय कळतंय?" ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधलं त्याला सगळं कळतं.

पाचव्या महिन्यात मंचरला माझं बीपी जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या — रोज सकाळी एक, चुकवायची नाही. सांगण्याची रीत अशी, की जणू मी ते बीपी बाजारातून विकत आणलंय. "शिकलेली आहेस ना? मग कळत कसं नाही?" बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. घरी आले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कुणाला न्हाई बाई असलं. माहेरचं आलं असंल."

माझे वडील बीपीनंच गेले होते. शेतात पडले आणि उठलेच नाहीत. सासूबाईंना ते माहीत होतं. ते वाक्य मला कसं लागलं, काय सांगू! तेव्हापासून रोज सकाळी सासूबाईंच्या देखत ती गोळी घेताना वाटायचं, मी माझ्या बापाला पुन्हा एकदा नावं ठेवून घेते आहे. म्हणून काय झालं? काही नाही. पुष्कळ सुना याहून जास्त ऐकतात आणि गप गोळी घेतात. मीही घेत होते. एक दिवस चुकवली नाही. हे लक्षात ठेवा.

सातव्यात ओटी भरली आणि मी माहेरी गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात कुणी विचारदेखील करत नाही. पण याचा अर्थ काय होतो, हे तरी कुणी बघतं का? ऐन अवघड दिवसांत डॉक्टर बदलतो. सहा महिने जिनं तपासलं ती मंचरला, आणि बाळंतपण करणार ओतूरचा. सासरचा डॉक्टर वेगळा, माहेरचा वेगळा, आणि दोन्ही घरांना आपापल्या डॉक्टरचा अभिमान — जसा आपापल्या कुलदैवताचा असतो.

ओतूरचे डॉक्टर म्हातारे. माझा जन्म त्यांच्याच हातचा. आईचा त्यांच्यावर इतका जीव, की शेतातला पहिला टोमॅटो त्यांच्या घरी जायचा. आई मला घेऊन गेली, मंचरला बीपी निघालं होतं एवढं तिनं त्यांना सांगितलं, पण तपासायच्या खोलीत तेव्हा एकटीलाच घेत. आई बाहेर बसली. त्यांनी बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. म्हणाले, अगदी बरोबर आहे की. मंचरचे कागद कुठायत? मी म्हणाले, सासरी राहिले. ते खरं होतं. नवरा रविवारी आणून देतो म्हणालेला, मीच नको म्हटलं होतं.

मग त्यांनी विचारलं — बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?

इथं मी थांबते थोडी.

रागाचं एवढं सगळं सांगितलं, ते या जागी यायचं टाळत होते म्हणून. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, सासूबाई टोचून बोलल्या, नवऱ्यानं अंग काढून घेतलं — सगळं खरं. पण त्या खोलीत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. एक म्हातारा माणूस होता, त्यानं सरळ प्रश्न विचारला होता. चढ्या आवाजात नव्हे. मायेनं विचारला होता.

मी म्हणाले, "दिल्या होत्या, पण मी घेतल्याच नाहीत."

त्या दिवशीची गोळी मी सकाळीच, न्याहारीनंतर घेतली होती.

का? मला हवं होतं, की कुणीतरी म्हणावं — पोरी, तुला काही झालेलं नाही. डॉक्टरच्या तोंडून हवं होतं, म्हणजे ते अवसरीला नेऊन सासूबाईंच्या पुढ्यात टाकता आलं असतं. आणि मला ते मिळालंच. डॉक्टर हसले. गोळीशिवाय बीपी एवढं बरोबर असेल तर कशाला घेतेस, म्हणाले. घाबरवून सोडतात तुम्हा पोरींना. दर आठवड्याला येऊन तपासून जा मात्र. त्यांचं काय चुकलं? मी जे सांगितलं, त्यावर कुणीही तेच म्हणालं असतं. गोळ्यांनी बीपी उतरलेलं होतं आणि मी गोळ्या नाहीतच म्हणून सांगितलं होतं!

मी बाहेर येऊन आईला म्हणाले, बीपी नाहीये, गोळ्या बंद करायला सांगितल्यात. आईनं तिथल्या तिथे हात जोडले. घरी गेल्यावर राहिलेल्या गोळ्या मी उकिरड्यात टाकल्या आणि संध्याकाळी सासूबाईंना मुद्दाम फोन केला. तो फोन करताना मला किती बरं वाटलं होतं, तेही सांगून टाकते. तेवढं सुख मला नंतर बरेच दिवस झालं नाही.

पुढच्या आठवड्यात कांद्याची काढणी चालू होती. मी तपासायला गेले नाही. पायांवर सूज आली, चुलती म्हणाली येतेच. डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मला कळत होतं. अडाणी चुलतीला कळत नव्हतं, बिचाऱ्या आईला कळत नव्हतं — मला कळत होतं, मी शिकलेली होते, मोबाईलवर सगळं वाचलेलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी खोटं बोलले? आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. चार शब्दांचं काम होतं. पोटात ती लाथा मारत होती आणि मी माझा शब्द सांभाळत बसले होते.

मग एका दुपारी मला झटके आले. मधलं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात होते आणि पोट रिकामं होतं. मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत ठेवली होती. मला उठून चालता यायच्या आत ती गेली. मी तिला पाहिलं ते कपड्यात गुंडाळलेलीच.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला एकदा जाता जाता सांगितलं होतं, की गोळ्या घेऊनही काहीजणींना असं होतं. त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. रोज रात्री उशाशी घेऊन झोपायचे. आता त्याचाही संताप येतो. काहीजणींना होतं — होत असेल. त्या काहीजणींनी खोटं बोलून गोळ्या उकिरड्यात टाकल्या होत्या का?

खरी लाज पुढे आहे.

सासरचे भडकले. सासूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात आईला म्हणाल्या, "इहीणबाई, आमच्याकडं रोज गोळी घेत व्हती ती. तुमी तुमच्या त्या म्हाताऱ्याकडं नेलं आन् वाटोळं केलं." आई तशीच उठली, एसटीनं ओतूरला गेली आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटनी भरलेल्या खोलीत उभी राहिली. हे मला भावानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मी तिला विचारलं होतं, तीच गोळ्या घेत नाही म्हणाली. तेव्हा माझी आई — जिनं आयुष्यात त्या माणसापुढे मान वर केली नव्हती — ओरडली, "माझी पोरगी खोटं बोलत न्हाई!"

लोकांनी आईचं खरं मानलं. सगळे म्हणाले, म्हातारा आता अंगावर आल्यावर पोरीवर ढकलतोय. त्यांनी त्यानंतर बाळंतपणं घेणं बंद केलं. मला हे सगळं कळलं तेव्हा मी खाटेवर पडले होते. भाऊ विचारत होता, "खरंच इचारलं व्हतं का गं त्यांनी?" आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, नाही.

दुसऱ्यांदा खोटं बोलले ते असं. पहिलं तरी चिडीतलं म्हणाल. हे कशातलं?

आज माझी दुसरी मुलगी शाळेत जाते. तिच्या वेळी सासूबाईंनी मला माहेरी पाठवलं नाही. बारशाला आईला बोलावलं, पण परक्यासारखं. ती दारातच बसली, पोरीला मांडीवर घेतलं नाही. मी घे म्हणाले नाही. आमच्या घरी पाव्हणे आले की नवरा अजून सांगतो — दोन डॉक्टरांची दोन मतं, एक म्हणतो गोळी घे, एक म्हणतो नको, त्यात आमची पोर गेली राव. पाव्हणे डॉक्टरांच्या जातीला शिव्या घालतात. मी चहा आणून देते. दोन मतं नव्हती हो. एकच होतं. दुसरं मी तयार केलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या भावजयीला जुन्नरला तपासायला न्यायचं होतं. तिला सातवा लागला आहे. मी माहेरी गेले होते म्हणून आईबरोबर मीही निघाले. दवाखान्यात नंबर आला तशी भावजय उठली, मी उठले. आई बसूनच राहिली. चल म्हटलं, तर म्हणाली, "तूच जा तिच्यासंगं. माझं पाऊल चांगलं न्हाई बाई. मी नेलं की इपरीत व्हतं."

अगदी साधेपणानं म्हणाली. गुडघे दुखतात म्हणावं, तसं. किती वर्षं ती हे मानून चालली होती? भावजय थांबून माझ्याकडे बघत होती. व्हरांड्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सांगायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"बरं," मी म्हणाले, "बस तू इथंच." आणि आत गेले.