खुर्चीमागे कोणी उभं नव्हतं

आईने बाहेर जेवणं सोडलं ते विरार पश्चिमेच्या एका हॉटेलात, रविवारी दुपारी. आम्ही पाच जण होतो: आई, बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि मी. आमच्या खुर्च्यांमागे पुढचं कुटुंब टेबल रिकामं होण्याची वाट पाहत उभं होतं. त्यांच्यातल्या एका बाईंची पर्स आईच्या खांद्याला लागत होती. मुलाने ताकाचा ग्लास सांडला. पुसायला आलेल्या वेटरने पुसता पुसताच विचारलं, "बिल आणू?" आईच्या ताटात अजून भात यायचा होता. तिने हात धुतले आणि गुडघ्यांवर जोर देत उठली. रिक्षात म्हणाली, "तुम्ही जात जा. मी घरीच बरी."

ती रागावली नव्हती. तिने निर्णय घेतला होता आणि तिचे निर्णय टिकतात. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसत आली. कोणीतरी तिला बसवून वाढावं, हॉटेलचा तिला एवढाच उपयोग होता. तोही आता संपला होता.

"आई येणार नसतील तर मीही येणार नाही," बायको म्हणाली. "त्यांना घरी बसवून मी तिथे पनीर चघळणार?"

वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला ऐकीव माहितीवर विसंबता येत नाही. पुढचे तीन महिने सुटीच्या दिवशी मी एकटा जागा पाहत फिरलो. पायऱ्या किती, खुर्चीला पाठ आहे का, स्वच्छतागृह कुठे, लहान मुलांना अर्धी थाळी देतात का, आणि गर्दीत लोक कुठे उभे राहतात, एवढ्या गोष्टी पाहायच्या. स्टेशनजवळची मासळीची खानावळ स्वस्त आणि चांगली होती, पण पहिल्या मजल्यावर. समुद्राकडच्या एका रिसॉर्टमध्ये जागा भरपूर होती, तिथे जेवणाबरोबर पोहण्याचा तलावही घ्यावा लागत होता. वसईतल्या एका नव्या हॉटेलचं मेन्यूकार्ड वाचून मी पाणी पिऊन बाहेर पडलो. आमच्या पाच जणांच्या तिथल्या एका जेवणाच्या पैशांत घरचा पंधरा दिवसांचा बाजार आला असता.

पत्ता मिळाला तो घराच्या दारातच. मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखाली एक भाजीवाली रोज सकाळी निर्मळहून स्कूटरवर येते. तिच्याकडून केळी घेताना बायकोने माझ्या शोधाची हकिकत तिला सांगितली. भाजीवाली हसली.

"तीन महिने? साहेब, एवढ्यात पोरगीला नवरा भेटतो. माझी ननंद नंदाखालला वाडीत जेवन घालते. बोर्डबिर्ड नाय. आदल्या दिवशी सांगायचं, किती मानसं ते. सांगितलं तेवढ्यांचंच शिजवते."

मी त्याच आठवड्यात जाऊन पाहून आलो. केळीची बाग, पुढे सारवलेलं अंगण, त्यात झोपाळा, पडवीत एक मोठं टेबल. पायरी एक. नणंदबाईंनी सांगितलेला दर दोनदा विचारून घेतला, कारण तो इतका कमी होता की पहिल्यांदा खरा वाटला नाही. मुलांचे पैसे त्या घेत नाहीत. "पोरं खातात काय, सांडतातच," त्या म्हणाल्या. एका वेळी एकच कुटुंब जेवतं. पुढच्या रविवारचं पाच जणांचं सांगून मी परत आलो.

आईला तयार करायला चार दिवस लागले. अखेर मुलीने आजीला सांगितलं की तिथे झोपाळा आहे, आणि आई एकदाची "बघू" म्हणाली. आमच्या घरी "बघू" म्हणजे निम्मा होकार.

शनिवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं आणि शांतपणे हाक मारली. "उद्या एकादशी आहे रे."

प्रत्येक मजकूर दोनदा तपासणाऱ्या माणसाने तारीख तपासली नव्हती. आईच्या आवाजात सुटका होती. "तुम्ही जाऊन या. मी रताळं उकडून खाईन."

मी नंदाखालला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. रद्द करायचं की चौघांचं करायचं, एवढंच विचारायचं होतं. उद्या एकादशी आहे, इतकंच माझं बोलून झालं.

"मला वाटलंच, तुमी कॅलेंडर बघितलं नाय," नणंदबाई म्हणाल्या. "एकादशीला आमच्या चुलीवर मासळी चढत नाय. तुमाला वालाचं बिरडं आनि भाकरी करनार होते. आईंचा उपास हाय का?"

"हो."

"मग त्यांना विचारा, वरी चालते का? कोनाकोनाला एकादशीला चालत नाय."

आई दारात उभी होती. आजवर बाहेरच्या कोणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. तिने माझ्या हातातला फोन घेतला.

"नाही चालत हो आमच्यात. तुमच्यात?"

"आमच्यात पन नाय. माझी सासू तर वरीचं नावपन घेऊ देत नाय. मी साबुदाना भिजत घालते. एकीला होतो तिथं दोघींना होईल."

"पाणी बेताचंच घाला. गिच्च होतो नाहीतर."

"बरं झालं सांगितलंत, मी तर बादलीत बुडवनार होते."

आई हसली. बोलणं आणखी बराच वेळ चाललं. त्यात माझी गरज नव्हती.

रविवारी साडेबाराला आमची रिक्षा वाडीशी थांबली. आईला टेबलाच्या टोकाला, पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं गेलं. शेजारी नणंदबाईंच्या सासूबाई, त्याही उपासाच्या. दोघींपुढे केळीच्या पानावर साबुदाण्याची खिचडी, कच्च्या केळ्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी आली. आम्हा चौघांना तांदळाच्या भाकऱ्या आणि बिरडं. मुलाने याही वेळी ताक सांडलं. नणंदबाईंनी त्यावर फडकं टाकलं आणि दुसरा पेला भरून ठेवला.

आई सवयीने उठू लागली, सुनेला भाकरी वाढायला. शेजारच्या सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "बस गो. इथं तू पावनी."

आई बसली. खिचडी दुसऱ्यांदा घेतली. मोकळी झाली होती. म्हणजे पाणी बेताचंच घातलं होतं. शेवटी वाटीत दुधाबरोबर सुकेळी आली, म्हणजे उन्हात वाळवलेली या भागातली केळी. ती कशी वाळवतात यावर दोघी म्हाताऱ्या बोलत राहिल्या. मुलं झोपाळ्यावर गेली. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. जेवण सुरू झाल्यापासून पावणेदोन तास झाले होते आणि आईच्या खुर्चीमागे केळीची बाग सोडून काही नव्हतं. तिच्या पानावर काही उरलं नव्हतं.

पैसे द्यायला मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा आई नणंदबाईंना विचारत होती, "तुमच्याकडे कॅलेंडर आहे का?"

त्यांनी पडवीतल्या खिळ्यावरचं काढून दिलं. आईने चष्मा लावला आणि पुढच्या महिन्याच्या रविवारांवरून बोट फिरवलं.

"हा नको, संकष्टी आहे. हा घ्या," ती म्हणाली. "पाच जण. आणि मासळी करा."